पाठीमागचे सर

शाळेतल्या बाकी विषयांचे मास्तर मुलांच्या समोर उभे राहतात. गणिताचे फळ्याला चिकटून, इतिहासाचे टेबलाला टेकून, संस्कृतचे खिडकीशी, पुढचं सुभाषित कुणी बाहेरच्या कडुलिंबावर लिहून ठेवल्यासारखे. चित्रकलेचे सर तेवढे पाठीमागे. विषयच तसा. समोर उभं राहिलं तर त्यांना चित्र उलटं दिसतं, आणि मूलही जे पाहायचं ते सोडून सरांच्या शर्टाचं तुटकं बटण पाहत बसतं. म्हणून हे गृहस्थ बाकांमधल्या बोळांतून हिंडत राहतात आणि मधेच कुठेतरी थांबतात. ते आपल्यामागे थांबलेत हे आधी मानेवरच्या लवेला कळतं, मग पेन्सिलीला. इतका वेळ बेफिकीर धावणारी रेघ एकदम बिचकते, कागदावरच्या कागदावर घुटमळते. सर काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतका वेळ जातो. मग एक बारीकसा हुंकार येतो आणि चपला पुढच्या बाकाकडे जातात. तो हुंकार शाबासकीचा होता की सांत्वनाचा, याचा निकाल लागेपर्यंत तास संपलेला असतो.

त्यामुळे आमच्या वाईच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा चेहरा आठवायला बसलं की माझी पंचाईत होते. आठवतो तो चपलांचा आवाज, खडूच्या भुकटीत मिसळलेला लवंगेचा वास, आणि खांद्यावरून येऊन कागदावर पडणारी त्यांच्या डोक्याची सावली. पुण्यात ए.टी.डी. करून आलेला हा माणूस आठवड्याचे कितीतरी तास आमच्या पाठीशी होता. हा वाक्प्रचार आपण पुढाऱ्यांसाठी उगीच खर्च करतो.

आठवीच्या पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर पितळेचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "काढा." आम्ही काढला. साऱ्या वर्गाच्या तांब्यांचं तोंड बांगडीसारखं गोल होतं आणि बूड पट्टी लावून आखल्यासारखं सपाट. कारण तांब्याचं तोंड गोल असतं हे आम्हाला ठाऊक होतं, आणि बूड सपाट नसतं तर तो कलंडला असता हेही ठाऊक होतं. पोरं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात. मोठी माणसं एकमेकांची चित्रं मनात काढतात तीही बहुधा याच पद्धतीने. सर एकेकाच्या मागे जाऊन एकच प्रश्न विचारत गेले, "तू बसलायस कुठं?" पहिला म्हणाला, "बाकावर." दुसरा म्हणाला, "खिडकीजवळ." तिसऱ्याचे वडील कोर्टात कारकून होते. तो सावधपणे म्हणाला, "सर, मी जागेवरच आहे."

मग सरांनी टेबलावर एक हजेरीपट ठेवला, त्यावर दुसरा, त्यावर भूगोलाचा ॲटलास, त्यावर रंगांच्या पेट्या, आणि त्या उतरंडीवर तांब्या चढवत नेला. तांब्याचं तोंड बारीक होत गेलं. गोलाचं लंबवर्तुळ झालं, लंबवर्तुळ चपटत चपटत नुसती रेघ झालं, आणि सरांनी तांब्या आणखी वर उचलला तेव्हा तोंड नाहीसंच झालं आणि इतका वेळ सपाट असलेलं बूड खालून गोलाई दाखवायला लागलं. "तोंड कुठं गेलं?" सरांनी विचारलं. वर्गात सामसूम. त्या काळात आमच्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चाललं होतं. अकारविल्हे जगातलं यच्चयावत ज्ञान गोळा करणारी विद्वान मंडळी कृष्णेच्या घाटावरून संध्याकाळी फिरायला जात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर एका अख्ख्या वर्गाला एका तांब्याचं तोंड सापडत नव्हतं.

या विषयाची एक गंमत तेव्हा ध्यानात आली. इतर विषयांत शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर उत्तर बरोबर येण्याचा थोडाफार तरी संभव असतो. इथे शेजाऱ्याचं बघून काढलं की उत्तर हमखास चुकतं. त्याचा तांब्या वेगळा, माझा वेगळा. दोघांमध्ये एका बाकाचं अंतर आहे आणि तेवढ्या अंतरात उजेड सरकलाय, कड फिरलीय, सावलीने दुसरी दिशा धरलीय. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सरकार भरारी पथकं पाठवतं. त्यापेक्षा सगळेच पेपर वस्तुचित्रासारखे काढता आले असते तर किती डिझेल वाचलं असतं!

सर आमच्या कागदावर कधी रेघ मारत नसत. हे वाटतं तेवढं सोपं नाही. समोर पोराची पेन्सिल वाकड्या वाटेने चाललेली दिसत असते, आपल्या बोटांत ती वाट सरळ करण्याची विद्या असते, आणि तरी हात पाठीशी बांधून ठेवायचे. पुष्कळ शिक्षकांना हे जमत नाही. ते वाकून पटकन दोन रेघा ओढतात, चित्र उभं राहतं, पोरगं ते घरी नेतं आणि आई नेमक्या त्याच दोन रेघांवर बोट ठेवून म्हणते, "हे बघ, हे छान जमलंय." आमच्या सरांच्या खिशात जुन्या प्रश्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे असत. फारच नड पडली तर त्यातल्या एकाच्या कोऱ्या बाजूवर ते अंगठ्याएवढं काहीतरी काढून दाखवत आणि तो तुकडा परत खिशात टाकत. ते चित्र आपल्याकडे राहू द्यावं असं आम्हाला फार वाटे. ते देत नसत. शिक्षकाचं हस्ताक्षर गिरवावं, नजर गिरवू नये, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे "डोळे बारीक कर." डोळे अर्धे मिटले की तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे मोठे तुकडे तेवढे उरतात, ही चित्रकारांची जुनी युक्ती. आम्हाला ती फार आवडली, कारण वर्गात अधिकृतपणे डोळे मिटायची मुभा देणारा हा एकमेव तास होता. एकदा त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल खिळ्याला अडकवला आणि त्यात पांढरा रंग कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. डोळे बारीक करून पाहिलं तर घडीत निळसर होतं, कडेला पिवळट, भिंतीच्या बाजूला फिकट जांभळं. पांढरं म्हणावं असं एका सुरकुतीच्या माथ्यावर नखाएवढं होतं, आणि तेही दुपारी राहिलं नाही. जलरंगात तेवढी जागा कागदाचीच ठेवायची, पांढरा रंग नळीतून पिळायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे चित्रातली सगळ्यात उजळ जागा न रंगवता मिळते. रंगांच्या पेटीत पांढरी वडी मग कशाला देतात, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "पेटी भरलेली दिसावी म्हणून."

एवढं सगळं ते कधी शिकवत, हे मात्र कोडंच आहे. चित्रकलेचा तास म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातली गायरान जमीन. कुणाचा अभ्यासक्रम मागे राहिला की तो तिथे आपली गुरं घेऊन येतो. उरलेल्या वेळात सर फळ्यावर रोजचा सुविचार लिहीत, गॅदरिंगसाठी चादरींवर जंगल रंगवत, प्रशस्तिपत्रकांवर ठळक अक्षरांत नावं घालत, पंधरा ऑगस्टला रांगोळी काढत, आणि कुठल्याशा मंत्र्यांच्या स्वागताला कापसाची अक्षरं कापून निळ्या मखमलीवर चिकटवत. शाळेत जे जे सुंदर दिसायला हवं ते ते त्यांच्या गळ्यात पडे, आणि शाळेत फारच थोडं आपोआप सुंदर दिसत असे.

मग गणपती उरकले की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे दिवस येत. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या या दोन सरकारी परीक्षांच्या मांडवाखालून गेल्या असतील! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, आणि शेवटी ए, बी किंवा सी अशी एक श्रेणी. त्यातल्या स्मरणचित्राची माझ्या मते स्वतंत्र समाजशास्त्रीय पाहणी व्हायला हवी. स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं चित्र. पण परीक्षेच्या तयारीत एक पाठमोरा माणूस, एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई, एक छत्री आणि एक कुत्रा एवढी मंडळी पाठ करून ठेवलेली असत. विषय बाजाराचा येवो, एसटी स्टँडचा येवो की जत्रेचा, हीच माणसं जागा बदलून हजर होत. माणूस पाठमोरा असे कारण चेहरा कठीण. नदीकाठच्या चित्रात छत्री उघडी असेल तर पावसाळा, मिटलेली असेल तर उन्हाळा. एवढ्या भांडवलावर मुलं बी श्रेणीपर्यंत आरामात जात.

आमचे सर या पाठमोऱ्या माणसाला विरोध करत नसत. परीक्षा परीक्षेच्या जागी. फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी ते आम्हाला कागद-पेन्सिल न देता बाजारात सोडत. वही नाही, पाटी नाही, पैसेही नाहीत. नुसतं हिंडायचं. आणि दोन-तीन दिवस गेल्यावर, बाजार विसरायला आला की म्हणत, "आता काढा." पहिल्यांदा सगळ्यांच्या कागदावर तोच पाठमोरा माणूस उमटला. दुसऱ्या खेपेला कुणाच्यातरी चित्रात तराजूचं पारडं वर गेलेलं होतं आणि भाजीवाल्या मावशीची करंगळी दांडीला हळूच टेकलेली. सर त्या मुलाच्या मागे बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशीचा हुंकार शाबासकीचा होता, याबद्दल वर्गात दुमत नव्हतं.

पुढे चित्रकलेबद्दल इकडचं तिकडचं वाचायला लागलो तेव्हा एक लक्षात आलं, की शिकवायचं किती आणि हात आवरायचा कुठे, हा घोळ आमच्या सरांपुरता नव्हता. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथे इंग्रज मास्तरांनी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून मुलांना घोटवायला सुरुवात केली. खंडोबा आणि रवळनाथाच्या पायांवर डोकं ठेवून मुंबईला आलेला एखादा मुलगा महिनोन् महिने ग्रीक देवाच्या नाकाची छटा जुळवत बसलाय, हे दृश्य मला फार मोह घालतं. त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे हिवाळ्या-हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. एवढ्या कष्टाने केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा १८८५ च्या आगीत तिथे जळल्या. सरकारच्या दृष्टीने मोठं नुकसान झालं. पण अंधाऱ्या लेण्यात, वर मान करून, कुणा अनाम चित्रकाराच्या रेघेमागून आपली रेघ चालवताना त्या मुलांच्या मनगटात जे काही शिरलं असेल, ते लंडनला पाठवलेलं नव्हतं. म्हणून नक्कल या प्रकाराला सरसकट नाक मुरडायला माझं मन घेत नाही. कोल्हापूरहून १८९० साली जे. जे.मध्ये शिकायला आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तिथेच शिक्षक झाले, आणि १९३१ ला बाहेर पडल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या त्यांचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. शिकायला आलेला माणूस शिकवायला लागला ती तारीख शोधायला गेलं तर सापडेलही. पण तो शिकायचा थांबला कधी, ते काही त्या नावावरून कळत नाही.

मात्र हात आवरण्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट कोलकात्याची आहे, आणि ती खुद्द अवनींद्रनाथ ठाकुरांनीच आपल्या आठवणींत सांगून ठेवली आहे. त्यांचा शिष्य नंदलाल बोस याने शिवासाठी तप करणारी उमा रंगवली होती. चित्र दाखवायला आणलं. गुरूंना ते आवडलं, पण फार कोरडं वाटलं. रंग कमी. उमेला थोडं सजव, कपाळी चंदन लाव, निदान एखादं फूल तरी दे, असं त्यांनी सांगितलं आणि शिष्य चित्र घेऊन घरी गेला. इथवर ही कुठल्याही वर्गातली गोष्ट आहे. पण त्या रात्री अवनींद्रनाथांना झोप लागेना. आपण हे काय सांगून बसलो? त्याला उमा तशीच दिसली असेल तर? तपाने वाळलेली, रंग उतरलेली? ज्याने पाहिली त्याला न पाहणाऱ्याने सल्ला दिला! उजाडताच ते उठले आणि शिष्याच्या घराकडे धावले. पाहतात तो नंदलाल चित्र पुढ्यात घेऊन, कुंचला हातात धरून, गुरूच्या आज्ञेप्रमाणे आता रंग लावणार इतक्यात यांनी त्याला थांबवलं.

मला या गोष्टीतला शिष्य जितका आवडतो त्याहून तिच्यातला गुरू अधिक आवडतो. विद्यार्थी रात्र रात्र जागतात, त्यात नवल नाही. शिक्षकाने दिलेल्या सल्ल्यापायी शिक्षकच तळमळत पडलाय, असं किती वेळा होत असेल? आणि सकाळी धावत जायचं ते कशासाठी, तर आपलं ऐकू नकोस हे सांगायला! कोलकात्याच्या त्या सकाळी रस्त्याने चाललेल्या लोकांना काय वाटलं असेल? ठाकुरांच्या वाड्यातला एवढा मोठा माणूस भल्या पहाटे धापा टाकत निघालाय म्हणजे नक्कीच कुणीतरी अत्यवस्थ असणार. तसं ते खरंच होतं म्हणा. या नंदलाल बोसांनी पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे एकमेकांशी अजिबात न जुळणारे विद्यार्थी घडवले, आणि कोल्हापूरकडचे विनायक मासोजीही त्यांच्याच हाताखाली शिकले. न लावलेल्या एका फुलाचं हे सगळं व्याज असावं, असं मला उगीच वाटतं.

इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे मास्तर होते. त्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले. या तिघांना मी कधी कधी मनातल्या मनात आमच्या शाळेत बोलावून त्या पितळी तांब्याभोवती बसवतो. बेंद्रे पहिल्यांदा खिडकी उघडायला लावतील. त्यांना तांब्यापेक्षा त्याच्यावर पडलेल्या उन्हाशी बोलायचं असेल. हुसेन चार रेघांत त्या तांब्याच्या गळ्यातून घोड्याची मान बाहेर काढतील. आणि चिंचाळकर गुरुजी कागद बाजूला सारून टेबलाखाली पडलेली नारळाची किशी, वाळकं पान आणि बाभळीची काटकी गोळा करतील, आणि त्यातून तांब्या घासणारी बाई उभी राहील. मागे उभ्या असलेल्या मास्तरांनी कुणाला काय म्हणायचं? बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या कलाशाखेत शिकवायला गेले तेव्हा हा प्रश्न त्यांच्याकडे आला. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख ही त्यांच्या वर्गातली मंडळी. त्यांची चित्रं शेजारीशेजारी लावली तर हे एकाच मास्तरांचे विद्यार्थी आहेत हे ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं लागेल. मला यात बेंद्र्यांचं केवढं तरी मोठं यश दिसतं. घराण्याचा गवय्या शिष्याच्या तानेत ओळखू आला तर आपण माना डोलावतो. चित्रकलेच्या मास्तराने ओळखू न येण्यात कमाई.

आमच्या सरांच्या वर्गातून बेंद्रे निघाले नाहीत, हुसेनही निघाले नाहीत. एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि गावातल्या सगळ्या वाढदिवसांचे चेहरे तो छापतो. पण चेहऱ्याच्या डोक्यावर चार बोटं आकाश सोडल्याशिवाय छापत नाही, त्यावरून त्याची गिऱ्हाइकांशी भांडणं होतात. एक जण बँकेत आहे. एकजण, तराजूवरची करंगळी काढणारा, दातांचा डॉक्टर झाला.

त्याचं एक सांगायचं राहिलं. दहावीच्या शेवटच्या तासाला सरांनी कपाटातून एक जाडजूड गठ्ठा काढला आणि आठवीतले पहिले तांब्ये ज्याचे त्याला वाटून टाकले. वर्गात हशाच हशा. ते गोल तोंडाचे, सपाट बुडाचे तांब्ये पाहून निम्म्या वर्गाने ते आपले नाहीत असं शपथेवर सांगितलं, पण कोपऱ्यात रोल नंबर होते. या दंतवैद्याचा तांब्या तेवढा सरांनी दिला नाही. त्याचा तांब्या चुकलेला तर होताच, वर एका बाजूला कललेला होता, भिंतीपलीकडचं काही ऐकत असल्यासारखा. "हा राहू दे माझ्याकडं," सर म्हणाले. तीन वर्षं घासून त्यांनीच त्याच्या रेघेतला तो कल काढून टाकला होता. त्यांनी तो कागद पुन्हा नीट गुंडाळला, त्याला दोरा बांधला, आणि कपाटाचं दार नेहमीपेक्षा सावकाश लावलं.

गेल्या वर्षी माझ्या पुढच्या दाताला कॅप बसवायची होती म्हणून त्याच्याकडे गेलो. शेजारच्या दाताशी रंग जुळवायला या लोकांकडे कृत्रिम दातांची एक पट्टी असते. ए-वन, ए-टू, ए-थ्री अशा त्यांच्या श्रेण्या असतात. आमच्या शाळेत ए-पर्यंत पोचायची मारामार, इथे माझ्या किडक्या दाताला बसल्या बसल्या ए! त्याने दिव्याखाली एकेक नमुना लावून पाहिला, मान हलवली, आणि मला खुर्चीवरून उठवून, तोंड उघडंच ठेवायला सांगून, खिडकीशी नेऊन उभं केलं. खाली एसटी स्टँड. त्याने नमुना माझ्या ओठाशी धरला, दोन पावलं मागे गेला आणि डोळे बारीक केले.

"डॉक्टर, ए-टू लिहू ना?" त्याच्या मदतनीस मुलीने विचारलं. "बाहेर सहा पेशंट आहेत."

"अगं, पांढरा म्हणजे काय एक रंग असतो का?" तो म्हणाला. "मुळाशी पिवळा आहे, टोकाला निळा मारतोय. थांब, ढग जाऊ दे."

तिने पेन खाली ठेवलं. सातारा गाडीतल्या एका बाईंनी वर पाहिलं आणि खिडकीतल्या लहान मुलाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, बहुधा दात घासण्याविषयी. मला मान हलवायची परवानगी नव्हती आणि ढग मोठा होता.